मनगटाला पाऊल कळते का?

सोयाबीनच्या दोन तासांत, म्हणजे पेरलेल्या दोन ओळींत, साधारण ४५ सेंटिमीटर अंतर असते. एक एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर. प्रत्येक दोन तासांच्या मधून एकदा कोळपे न्यायचे म्हटले, तर एका एकरात कोळप्यामागचा माणूस नऊ किलोमीटर चालतो. धुऱ्यावर वळतानाची पावले वेगळीच. भुसभुशीत काळ्या रानात पाऊल आखूड पडते. ते साठ-पासष्ट सेंटिमीटरांचे धरले तर हिशेब चौदा-पंधरा हजार पावलांवर जातो. हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, औंढा नागनाथ आणि वसमत या हिंगोली जिल्ह्याच्या पाच तालुक्यांत जिथे अजून बैलांची औते चालतात, तिथे पावसाळ्यात हे चालणे रोज घडते. त्याला कोणी व्यायाम म्हणत नाही.

आता त्या माणसाच्या मनगटावर एखादे स्वस्तातले स्मार्टवॉच आहे असे समजा. त्याचे दोन्ही हात रुमण्यावर, म्हणजे कोळप्याच्या मुठीवर, दाबलेले आहेत. पाय चालतात, हात झुलत नाहीत. ढेकळावरून कोळपे उसळले की मनगटाला हिसका बसतो आणि तो हिसका पाऊल म्हणून जमा होऊ शकतो. खरे पाऊल मात्र गळून जाऊ शकते. संध्याकाळी घड्याळावर जो आकडा उमटेल, त्याचा त्या नऊ किलोमीटरांशी मेळ बसेलच असे नाही. त्याच वेळी घरी कोणी चुलीपुढे बसून भाकरी थापत असेल, तर तिच्या हातातले घड्याळ ती चालते आहे असे धरून पावले वाढवू शकते. थापण्याची लय आणि चालण्याची लय एकमेकींच्या बऱ्याच जवळ येतात.

मनगटी यंत्रांची पावले चुकतात, हे संशोधकांना निदान दहा-बारा वर्षे ठाऊक आहे. त्यावर बराच अभ्यास झाला, पण त्यातला मोठा भाग ‘कोणते यंत्र किती चुकते’ या प्रश्नाभोवती फिरत राहिला. हे सगळे वाचताना मला दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटू लागला आहे: यंत्र कोणाच्या बाबतीत चुकते? ही चूक सगळ्यांच्या वाट्याला सारखी येत नाही. मोकळे हात हलवत सरळ रस्त्यावर फिरायला निघालेल्या माणसासाठी हे यंत्र पुष्कळसे खरे बोलते. चालताना ज्यांचे हात कामात असतात, बसल्या जागी ज्यांचे हात राबतात आणि जे हळू चालतात, त्यांच्याबाबतीत ते घसरते. हिंगोलीसारख्या जिल्ह्यात हाच वर्ग मोठा आहे.

आधी यंत्राच्या आत काय चालते ते पाहू. घड्याळात सिलिकॉनचा एक अतिसूक्ष्म भार तितक्याच सूक्ष्म स्प्रिंगांवर तोललेला असतो. मनगट हलले की तो भार किंचित मागे राहतो, शेजारच्या पट्ट्यांपासूनचे त्याचे अंतर बदलते आणि त्याबरोबर विद्युतधारिता बदलते. या बदलावरून त्वरण कळते. याला अ‍ॅक्सिलरोमीटर म्हणतात. तो तीन दिशांनी, सेकंदाला अनेक वेळा अशी नोंद घेतो. एवढे काम तो उत्तम करतो. म्हणजे चूक मापनात होत नाही, ती पुढच्या टप्प्यावर होते. मिळालेल्या लाटांमधून पाऊल कोणते आणि निव्वळ हालचाल कोणती, हे घड्याळातला प्रोग्राम ठरवतो. फार मंद आणि फार जलद कंपने तो बाजूला काढतो, उरलेल्या लाटांचे उंचवटे मोजतो, ठरावीक उंचीपेक्षा लहान उंचवटे सोडून देतो. शिवाय अनेक यंत्रे पहिली काही पावले लगेच धरत नाहीत. सलग आठ-दहा ठोके एकाच लयीत आले की मगच ‘चालणे सुरू झाले’ असे मानून मोजणी करतात. हात सहज हलला म्हणून आकडा वाढू नये, यासाठी ही खबरदारी.

या खबरदारीची किंमत घरात वावरणारी बाई मोजते. ओट्यापासून मोरीपर्यंत पाच पावले, तिथून अंगणात सहा, परत चुलीपाशी चार. दिवसभरात असे शेकडो फेरे होतात आणि त्यातला एकही लांब नसतो. कंबरेवर लावलेल्या चांगल्या यंत्राला यातली पुष्कळ पावले सापडतात. मनगटावरच्या यंत्राला ती तुटक वाटतात.

कंबर आणि मनगट यांतला हा फरक मुळातच आहे. प्रत्येक पावलाला धड एकदा वर-खाली होते. डावे पाऊल, एक ठोका. उजवे पाऊल, दुसरा ठोका. हात मात्र दोन पावलांत मिळून एकदाच पुढे जाऊन मागे येतो. त्यामुळे मनगटावरच्या यंत्राकडे दोन लयी एकमेकींत मिसळून येतात: हाताच्या झोक्याची अर्धी लय आणि धडाकडून आलेला, वाटेत खांद्यात व कोपरात विरत गेलेला ठोका. त्यातून पाऊल हुडकायचे असते. हात खिशात घातला, कंबरेवर ठेवला, डोक्यावरच्या घागरीला धरला, कडेवरच्या लेकराभोवती गुंफला की झोका संपतो आणि उरतो तो विरलेला ठोका. मोटारसायकलवरून खड्ड्यांच्या रस्त्याने जाताना याच्या उलट घडते. पाय स्थिर असतात आणि मनगटाला धक्के बसत राहतात. ट्रॅक्टरच्या स्टिअरिंगवरही तसेच.

असे असूनही यंत्र कंबरेवरून मनगटावर का आले? याला शास्त्रीय कारण नाही, कारण सोयीचे आहे. कंबरेचे यंत्र लोक लावायला विसरतात, ते धोतराला-साडीला नीट बसत नाही, झोपताना काढावे लागते. मनगटावरचे घड्याळ अंगावर राहते, वेळ दाखवते आणि नाडीचे ठोकेही टिपते. संशोधकांनीही हे मान्य केले. ब्रिटनच्या ‘यूके बायोबँक’ प्रकल्पात २०१३ ते २०१५ दरम्यान एक लाखाहून अधिक लोकांना आठवडाभर यंत्र लावले गेले ते मनगटावरच. अंगावर राहणारे थोडे चुकणारे यंत्र हे पेटीत पडलेल्या अचूक यंत्रापेक्षा बरे, असा तो विचार. मला तो पटतो. पण जागा बदलली आणि उद्दिष्टाचा आकडा मात्र जुनाच राहिला, ही गोष्ट पटत नाही.

तो जुना आकडा म्हणजे दहा हजार. १९६५ मध्ये जपानच्या यामासा या कंपनीने कंबरेला लावायचे एक यंत्र बाजारात आणले आणि त्याला ‘मान्पो-केई’ असे नाव दिले. त्याचा अर्थच ‘दहा हजार पावलांचा मापक’. आदल्याच वर्षी टोकियोत ऑलिंपिक झाले होते, चालण्याची हवा होती, आकडा गोल आणि लक्षात राहणारा होता. तो जगभर पसरला. आज अनेक घड्याळे दहा हजार पुरे झाल्यावर थरथरून शाबासकी देतात.

दहा हजारांचा आणखी एक जुना हिशेब आपल्या देशातला आहे आणि तो मला फार प्रिय आहे. कुमाऊंच्या मिलम गावचे नैनसिंग रावत १८६५ मध्ये भारतीय सर्वेक्षण खात्यासाठी तिबेटकडे निघाले. परक्यांना तिथे बंदी होती, म्हणून ते यात्रेकरूच्या वेषात होते. ठरावीक लांबीचे पाऊल टाकण्याचा त्यांनी कसून सराव केला होता. हातात जपमाळ होती, पण ती १०८ मण्यांची नव्हती, शंभर मण्यांची होती. शंभर पावले झाली की एक मणी. पूर्ण माळ म्हणजे दहा हजार पावले. असे मोजत ते ल्हासापर्यंत गेले आणि त्यांच्या पावलांवरून नकाशे तयार झाले. तिथेही मोजणी हाताने होत होती. पण हात पावलाकडे लक्ष ठेवून होता. घड्याळ हाताकडे पाहून पावलाचा अंदाज बांधते.

आता अभ्यासांकडे वळू. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी चौदा निरोगी प्रौढांना ट्रेडमिलवर ताशी पावणेपाच किलोमीटरच्या आसपासच्या वेगाने चालवले. पाचशे आणि दीड हजार पावले माणसाने मोजली, त्याच वेळी फोन, मनगटी पट्टे आणि कंबरेची यंत्रेही मोजत होती. कंबरेची यंत्रे एक टक्क्याच्या आत राहिली. फोन सहा-सात टक्क्यांपर्यंत कमी-जास्त झाले. अंगावर घालायच्या उपकरणांतले सर्वांत वाईट मनगटी यंत्र खऱ्यापेक्षा २२.७ टक्के कमी मोजत होते. आणि हे सगळे सपाट पट्ट्यावर, एका लयीत, मोकळ्या हातांनी चालताना.

तेव्हापासून यंत्रे सुधारली, यात शंका नाही. २०२० मध्ये फुलर आणि सहकाऱ्यांनी १५८ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. त्यात फिटबिट, अ‍ॅपल आणि सॅमसंगच्या यंत्रांची पावलांची मोजणी प्रयोगशाळेत तरी बऱ्यापैकी बरोबर आढळली. उष्मांकांच्या बाबतीत मात्र एकही ब्रँड कसोटीला उतरला नाही. त्याआधी २०१७ मध्ये स्टॅनफर्डच्या अभ्यासाने सात मनगटी यंत्रे तपासली होती. त्यातले सर्वांत चांगले यंत्रही उष्मांकांत २७ टक्के चुकत होते आणि सर्वांत वाईट ९३ टक्के. म्हणून ‘आज इतक्या कॅलरी जळाल्या’ हे घड्याळाचे वाक्य वाचून कोणी ताटातली भाकर वाढवू किंवा कमी करू नये. किलोमीटरचेही तसेच. जीपीएस बंद असेल तर घड्याळ उंचीवरून पावलाची लांबी गृहीत धरते आणि तिला पावलांनी गुणते. एक अंदाज दुसऱ्या अंदाजाने गुणला की चूकही गुणली जाते.

प्रयोगशाळेबाहेर काय होते, हा विषय अधिक गुंतागुंतीचा आहे. एकाच माणसाच्या कंबरेवर आणि मनगटावर एकाच जातीचे यंत्र लावून पाहिले, तेव्हा ट्रेडमिलवर मनगटाने कमी पावले मोजली आणि रोजच्या मोकळ्या वावरात जास्त. ही विसंगती वरवर गोंधळात पाडते, पण तिचा उलगडा सोपा आहे. ट्रेडमिलवर नुसते चालणे असते, तिथे विरलेले ठोके गळतात. रोजच्या जगण्यात हात बोलतो, धुतो, कापतो, थापतो, टाळी देतो. त्यातल्या काही हालचाली पावलांच्या रांगेत घुसतात. एकाच दिवसात काही खरी पावले गळतात आणि काही खोटी भरतात. संध्याकाळचा एकूण आकडा खऱ्याच्या जवळ आला तर तेवढ्यावरून मोजणी बरोबर झाली असे म्हणता येत नाही. दोन चुका एकमेकींवर पडून झाकल्या गेलेल्या असू शकतात.

हे ढळढळीत पाहायचे असेल तर आषाढीच्या आधी शेगावहून पंढरपूरकडे निघणारी गजानन महाराजांची पालखी पाहावी. ती सेनगाव, नरसी, औंढा, जवळा बाजार अशी हिंगोली जिल्ह्यातून पुढे परभणीकडे जाते. नरसी हे नामदेवांचे जन्मगाव मानले जाते. वारीत एकाच वाटेने चालणाऱ्या चार जणांच्या मनगटांवर एकच घड्याळ बांधले, तर चार आकडे येतील. टाळकऱ्याचा हात भजनाच्या ठेक्यावर हलतो, पायाच्या नाही. खांद्यावर पताका धरलेल्याचा हात स्थिर. डोक्यावरच्या तुळशीला धरून चालणाऱ्या बाईचा हातही स्थिर. आणि मोकळ्या हाताने बाजूने चालणाऱ्याचा आकडा चौघांत सर्वांत खरा. अंतर चौघांचे सारखे.

हळू चालणाऱ्यांचा प्रश्न याहून गंभीर आहे, कारण तिथे आरोग्य थेट गुंतलेले असते. ताशी तीन किलोमीटरच्या खाली वेग गेला की मनगटी यंत्रांची गळती वाढते, हे अनेक अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसले आहे. म्हाताऱ्या माणसाचे पाऊल घासत पडते, धड कमी उसळते, हाताचा झोका लहान होतो. हातात काठी असेल तर ती दोन पावलांना एकदा टेकते. पक्षाघातातून उठलेला, गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेला, कंपवाताचा रुग्ण, या सगळ्यांना डॉक्टर म्हणतात, रोज थोडे चाला. मुलगा पुण्याहून हौसेने घड्याळ पाठवतो. आजोबा अंगणात पाऊण तास फेऱ्या मारतात आणि घड्याळ सातशे पावले दाखवते. ते खचतात. ज्या वयात दर पावलासाठी धैर्य लागते, त्या वयात यंत्राने पाऊल नाकारणे मला फार लागते. घोट्याला बांधलेले यंत्र अशा मंद चालीत पुष्कळ खरे मोजते, हे वृद्धांवरच्या अभ्यासांत दिसले आहे. पायाला बांधल्यावर पायाची गोष्ट कळते.

आणि हे आकडे क्षुल्लक नाहीत. २०१९ मध्ये आय-मिन ली आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या १६,७४१ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांचे सरासरी वय ७२ होते. रोज सुमारे २,७०० पावले चालणाऱ्यांच्या तुलनेत ४,४०० पावले चालणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी दिसले आणि साडेसात हजारांच्या पुढे फायदा फारसा वाढला नाही. २०२५ मध्ये ‘लॅन्सेट पब्लिक हेल्थ’मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून आलेला निष्कर्षही त्याच दिशेचा आहे: दोन हजारांच्या तुलनेत सात हजार पावले चालणाऱ्यांत मृत्यूचा धोका ४७ टक्क्यांनी कमी. दहा हजारांचा दबदबा यामुळे कमी झाला, हे चांगलेच. पण लीच्या अभ्यासातल्या स्त्रियांनी यंत्र कंबरेवर लावले होते. म्हणजे उद्दिष्ट एका गजाने मोजलेले आणि आपण मोजतो दुसऱ्या गजाने. पेनसिल्व्हेनियात दिसलेली २२.७ टक्क्यांची चूक ४,४०० पावलांना लावली, तर हजार पावले होतात. २,७०० आणि ४,४०० यांच्यातले सगळे अंतर सतराशेचे. धोका आणि दिलासा यांच्यामधली निम्म्याहून अधिक जागा यंत्राच्या चुकीनेच व्यापली जाऊ शकते.

एकेका माणसाचा आकडा चुकला तर तो त्याच्यापुरता राहतो. लाखो आकडे गोळा करून देशाबद्दल विधाने होऊ लागतात, तेव्हा चुकीचे स्वरूप बदलते. २०१७ मध्ये ‘नेचर’मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांचा एक गाजलेला अभ्यास आला. १११ देशांतल्या ७,१७,५२७ लोकांच्या फोनमधली पावले त्यांनी तपासली. जगाची सरासरी ४,९६१ निघाली आणि भारताची ४,२९७. ‘भारतीय आळशी’ असे मथळे त्यावरून आपल्याकडेही छापून आले. त्यात मनगटी घड्याळे नव्हती, फोन होते. पण धडा तोच आहे. महागडा फोन आणि त्यात ते विशिष्ट अ‍ॅप असलेल्या भारतीयांचा तो आकडा. वसमतच्या हळदीच्या रानात राबणारी मजूर त्यात कशी येणार? आणि फोन असला तरी साडीला खिसा नसतो. फोन चार्जिंगला किंवा देवळीत ठेवलेला असताना बाई दोन हंडे पाणी आणते, ती पावले कोणत्याच देशाच्या सरासरीत जात नाहीत.

भारतात व्यायाम कमी होतो आहे, हेही खरे, ते मी नाकारत नाही. २०२३ च्या आयसीएमआर-इंडियाब अभ्यासानुसार देशात १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. २०२४ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ने प्रसिद्ध केलेल्या अंदाजात भारतातले जवळजवळ निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नसल्याचे म्हटले, स्त्रियांत हे प्रमाण ५७ टक्के आणि पुरुषांत ४२ टक्के. हे अंदाज घड्याळांवर बेतलेले नाहीत, लोकांना विचारलेल्या प्रश्नांवर आधारलेले आहेत. पण जगाचा कल आता यंत्रांच्या नोंदींकडे आहे, आणि उद्या हेच अंदाज मनगटांवरून येऊ लागले, तर कोणाची मेहनत कागदावर दिसेल आणि कोणाची नाही, हे आजच तपासायला हवे.

पैशाचा प्रश्नही आहे. काही आरोग्यविमा योजनांत रोजच्या पावलांवर हप्त्यात सूट किंवा परतावा मिळतो. विमा घेणारा हळू चालणारा असेल, गाडा ढकलणारा असेल, तर त्याला तोटा. आणि फोन हलवत ठेवणारी यंत्रे चीनमध्ये चक्क विक्रीला आली होती, तसे काही वापरणाऱ्याला फायदा. कामगारांवर नजर ठेवण्यासाठीही घड्याळे आली आहेत. नागपूर महापालिकेने सफाई कर्मचाऱ्यांच्या मनगटांवर जीपीएस घड्याळे बांधली. ती पावले मोजण्यासाठी नव्हती, माणूस नेमून दिलेल्या जागी आहे का हे पाहण्यासाठी होती. पण मनगटावरच्या नोंदीला पगाराशी जोडण्याची वाट एकदा मळली की पुढचे पाऊल फार लांब नसते. झाडू मारणाऱ्याचा हात दिवसभर हलतो. कचऱ्याची ढकलगाडी नेणाऱ्याचा हलत नाही. पावलांवर मेहनत ठरली, तर त्या दोघांत अन्याय होईल.

हालचालींतून खरी खूण वेगळी काढण्याचे काम आणखी एका यंत्राला करायचे आहे. हिंगोली जिल्ह्यातच, औंढा तालुक्यात दुधाळ्याजवळ, लायगो-इंडिया ही वेधशाळा उभी राहते आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, त्यांच्या टोकांना टांगलेले आरसे, आणि गुरुत्वलहरी आल्यावर भुजांच्या लांबीत पडणारा प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाएवढा फरक टिपण्याचे काम. गंमत वाटेल, पण घड्याळातला सिलिकॉनचा कण आणि लायगोचा चाळीस किलोचा आरसा एकाच जातीचे आहेत: टांगलेला भार, जो हलतो आणि ज्याच्या हलण्यावरून काहीतरी कळायचे असते. लायगोची बहुतेक हुशारी ऐकण्यात नाही, वगळण्यात आहे. ट्रक, वारा, समुद्राच्या लाटा, माणसांची वर्दळ, सगळे त्या आरशाला हलवते. जागा निवडतानाही जमीन शांत आहे का, हे पाहिले गेले. आणि इतके करूनही एका यंत्राचा शब्द पुरेसा मानत नाहीत. १४ सप्टेंबर २०१५ ची पहिली लहर अमेरिकेत तीन हजार किलोमीटर अंतरावरच्या दोन वेधशाळांनी सुमारे सात मिलिसेकंदांच्या फरकाने टिपली, म्हणून ती लहर ठरली. घड्याळाकडे दुसरा साक्षीदार नाही. मनगट हलले ते पावलाने की विळ्याने, हे त्याला एकट्यालाच ठरवायचे असते.

त्याला शिकवता येते, आणि तसे प्रयत्न चांगले चालले आहेत. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी स्वयंसेवकांच्या पायांकडे तोंड केलेला कॅमेरा लावून खरी पावले नोंदवली आणि मनगटावरच्या लाटांशी ताडून संगणकाला पाऊल ओळखायला शिकवले. जुन्या नियमबद्ध मोजणीपेक्षा हे पुष्कळ पुढचे आहे. पण संगणक जे पाहतो तेच शिकतो. ऑक्सफर्डच्या रस्त्यांवर कापूस वेचणारे कोणी नव्हते. वेचणीत माणूस एक पाऊल टाकून थांबतो, दोन्ही हात बोंडांवर भराभर चालतात, कापूस ओटीत जातो, मग पुढचे पाऊल. खुरपणीत तर बाया उकिडव्या बसून सरकतात. त्याला पाऊल म्हणायचे की नाही, हा प्रश्न अजून कोणत्याही प्रयोगशाळेच्या दारात गेल्याचे दिसत नाही. असा कॅमेरा वर्षभरातल्या एकेका हंगामात इथल्या वीस-पंचवीस जणांच्या पायांवर लावणे अवघड नाही. परभणीला कृषी विद्यापीठ आहे, नांदेडला विद्यापीठ आणि वैद्यकीय महाविद्यालय आहे. हे काम मराठवाड्यातच व्हायला हवे, कारण त्याची गरज इथेच आहे.

दुसरी गोष्ट कायद्याची. हिंगोली किंवा वसमतच्या मोंढ्यात हळदीचे पोते ज्या काट्यावर चढते, त्या काट्याची वैधमापन विभागाकडून ठरावीक काळाने पडताळणी होते, त्यावर मुद्रा असते. काटा मारला तर शेतकऱ्याला तक्रार करता येते. पावले मोजणाऱ्या यंत्राला अशी मुद्रा नाही. ते वजनमाप नाही, त्यावर व्यवहार होत नाही, असे म्हणता येत होते. विम्याचा हप्ता त्यावर ठरू लागल्यावर ते म्हणणे लंगडे पडते. जपानने पेडोमीटरसाठी औद्योगिक मानक केले, त्यात शंभर पावलांमागे तीनपेक्षा जास्त चूक चालत नाही. अमेरिकेत ग्राहकोपयोगी इलेक्ट्रॉनिक्सच्या संघटनेने २०१६ मध्ये पावलांच्या मोजणीच्या चाचणीसाठी मानक काढले. तिथेच नाइकीच्या फ्यूएलबँड या मनगटी पट्ट्याबद्दल अचूकतेच्या दाव्यांवरून खटला झाला आणि २०१५ मध्ये ग्राहकांना भरपाई देऊन तडजोड झाली. आपल्याकडे २०२३ या एका वर्षात पाच कोटींहून अधिक स्मार्टवॉच बाजारात आली. एवढ्या मोठ्या बाजारात खोक्यावर निदान इतके छापायला हवे, की हे यंत्र कोणत्या वयाच्या, किती वेगाने चालणाऱ्या, हातात काय धरलेल्या माणसांवर तपासले.

तोवर ज्याच्या हातात घड्याळ आहे त्याने काय करावे? सर्वांत आधी ते तपासून घ्यावे. घरात तुळशीची जपमाळ असेल तर तीच घ्यावी. दर पावलाला एक मणी, एक माळ म्हणजे १०८ पावले. एकदा मोकळ्या हाताने, एकदा पिशवी किंवा घागर धरून, एकदा नेहमीच्या सर्वांत हळू चालीने. तीन वेळा घड्याळ किती म्हणते ते लिहून ठेवावे. आपल्या मनगटावरचे यंत्र कुठे खाते आणि कुठे भरते, ते अर्ध्या तासात कळते. सेटिंगमध्ये कामाचा हात कोणता हे विचारलेले असते, ते बरोबर भरावे आणि घड्याळ दुसऱ्या हाताला, पट्टा जरा घट्ट करून बांधावे. गाडा ढकलताना, रुमणे धरताना ते खिशात किंवा कंबरेला खोचलेले बरे.

‘आकडा चुकीचा असला तरी कालच्यापेक्षा आज जास्त की कमी, हे तर कळते ना’, असा युक्तिवाद तज्ज्ञही करतात. कचेरीत काम करणाऱ्यासाठी तो बरोबर आहे. त्याचा प्रत्येक दिवस सारखा, त्यामुळे चूकही सारखी. पण शेतावर काम करणाऱ्याचा भाद्रपद आणि कार्तिक एकसारखे नसतात. कोळपणी संपून सोयाबीनची काढणी सुरू झाली, तिथून वेचणी, मग हळदीची खणणी. हाताचे काम बदलले की यंत्राची चूकही बदलते आणि आलेख वर-खाली होतो, चालणे तेवढेच राहून. त्यामुळे गावाकडच्या माणसाला हा दिलासाही पुरता लागू पडत नाही.

मला वाटते, इथे पावलांपेक्षा मिनिटे जास्त खरी आहेत. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला निदान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल सांगते. मध्यम श्रम म्हणजे मिनिटाला शंभराच्या आसपास पावले. पंधरा सेकंदांत पंचवीस पडली की तो वेग आला. बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, एवढा दम लागावा. गावातल्या आशा कार्यकर्त्या, म्हणजे आशाताई, तीस वर्षांवरच्या माणसांसाठी जो प्रश्नांचा कागद घेऊन दारोदार जातात, त्यातही आठवड्यातली १५० मिनिटे विचारलेली आहेत, पावले नाहीत.

आणि गावाला मोजणीची स्वतःची भाषा आहे. तास म्हणजे साठ मिनिटे आणि तास म्हणजे पेरलेली ओळही. खुरपणीला गेलेली बाई किती पाती लागल्या ते सांगते, कोळपणारा किती तास झाले ते सांगतो. चौरस एकराची एक बाजू सुमारे ६४ मीटर असते. ४५ सेंटिमीटरवर पेरले तर त्यात १४१ तास बसतात. आशाताईंनी कागदावरचा प्रश्न वाचून झाल्यावर ‘आज किती तास कोळपले?’ एवढे विचारले आणि उत्तराला ६४ ने गुणले, तर अशा चौरस एकरातले त्या माणसाचे चालणे मीटरमध्ये मिळते.